‘रंग : व्हाइट, कांती : डार्क’ – नागरिकत्वाचे जुने अमेरिकी कागद कसे वाचावेत

१९०६ नंतरचा अमेरिकेतला एक छापील फॉर्म डोळ्यांसमोर आणा. वर कोर्टाचं नाव, खाली शाईने नाहीतर टाइपरायटरने भरलेल्या मोकळ्या जागा. वय, धंदा, आणि मग अंगाचं वर्णन: रंग, कांती, उंची फूट-इंचांत, वजन पौंडांत, केस, डोळे, अंगावरची एखादी खूण. आता भरलेलं वाचा. रंग ‘व्हाइट’. शेजारीच कांती ‘डार्क’. एकाच कारकुनाच्या हातचं, एकाच दमात लिहिलेलं. असा कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी समजलो, कारकुनाची चूक झाली. चूक माझी होती. पहिला शब्द कायद्याचा होता, दुसरा डोळ्यांना दिसणारा. पहिल्या शब्दावर त्या माणसाचं नागरिकत्व अडलेलं होतं, दुसऱ्याने काहीच बिघडत नव्हतं.

त्या काळात आपल्याकडून अमेरिकेला गेलेली माणसं मोजकीच. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये गेल्या. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला शिकले, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पश्चिम किनाऱ्यावर शेतकीशास्त्र शिकले, बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झाले. यांच्या आगेमागे गेलेल्या, नाव न झालेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं आता घरबसल्या स्कॅन केलेले कागद शोधतात. कागद मिळतो, पण तो आजच्या डिक्शनरीने वाचला जातो. मग पणजोबा ‘हिंदू’ होते म्हणजे धर्माभिमानी होते, त्यांना नागरिकत्व ‘बेकायदा’ मिळालं होतं म्हणजे त्यांनी लबाडी केली होती, असले निष्कर्ष निघतात. गेलेल्या माणसावर हा अन्याय आहे. तो टाळण्यासाठी मी स्वतः ज्या क्रमाने वाचतो, तो क्रम इथे देतो.

पायरी १ : शब्दाआधी साल बघा

कागदावरची तारीख सगळ्यात आधी वहीत उतरवा. त्या दिवशी कोणता कायदा चालू होता हे कळल्याशिवाय पुढचा एकही शब्द पक्का समजत नाही. हाताशी ठेवायची सालं अशी:

१७९० – पहिला कायदा. दोन वर्षं राहिलेल्या ‘फ्री व्हाइट पर्सन’लाच नागरिक होता येईल. (मुदत १७९५ मध्ये पाच वर्षं झाली, १७९८ मध्ये चौदा, १८०२ मध्ये पुन्हा पाच.)
१८६८ – चौदावी घटनादुरुस्ती. अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेला माणूस नागरिक.
१८७० – आफ्रिकेत जन्मलेल्या व आफ्रिकी वंशाच्या लोकांना दार उघडलं.
१८८२ – चिनी मजुरांना प्रवेशबंदी, आणि चिनी माणसाला नागरिक करायचं नाही असं कोर्टांना स्पष्ट बजावणं.
१९०६ – देशभर एकसारखे फॉर्म, केंद्र सरकारची देखरेख.
१९१७ – ‘एशियाटिक बार्ड झोन’, म्हणजे नकाशावर आखलेला बंदीचा पट्टा. हिंदुस्थान त्यात आला.
१९२३ – भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल. हिंदुस्थानातला माणूस कायद्याने ‘व्हाइट’ नाही.
१९२४ – नागरिक होण्यास ‘अपात्र’ असलेल्यांना देशात राहायला येण्याचीच बंदी.
१९४३ – चिनी लोकांवरची बंदी उठली.
१९४६ – हिंदी (म्हणजे हिंदुस्थानातल्या) आणि फिलिपिनो लोकांवरची उठली. हिंदी लोकांना वर्षाला १०० जणांचा कोटा.
१९५२ – नागरिकत्वाला वंशाची अट उरली नाही.

म्हणजे अमेरिकेच्या कायद्यात वंशाची अट १६२ वर्षं होती. १९२२ चा कागद आणि १९२४ चा कागद, दोन वर्षांचं अंतर, पण त्यांतल्या एकाच शब्दाला पूर्ण वेगळं वजन आहे.

पायरी २ : कागद कोणता आहे ते ओळखा

नागरिकत्वाचा प्रवास दोन टप्प्यांचा होता. आधी ‘डिक्लरेशन ऑफ इंटेन्शन’. याला आपण इरादापत्र म्हणू. लोक त्याला ‘फर्स्ट पेपर्स’ म्हणत. मला नागरिक व्हायचं आहे, एवढंच त्यात सांगितलेलं असे. ते मिळालं म्हणून कोणी नागरिक होत नसे. १९०६ नंतर ते सात वर्षं चाले. त्या मुदतीत दुसरा टप्पा, म्हणजे ‘पिटिशन’, साक्षीदारांसह कोर्टात दाखल करायचं. कोर्टाने मान्य केलं, शपथ झाली, की मग ‘सर्टिफिकेट’. घरात जपलेला कागद पुष्कळदा नुसतं इरादापत्र असतो आणि सगळं घर त्याला नागरिकत्वाचा दाखला समजतं.

जनगणनेच्या पानांवर हेच दोन-दोन अक्षरांत असतं. नागरिकत्वाच्या रकान्यात ‘ए-एल’ म्हणजे एलियन, परकीय. ‘पी-ए’ म्हणजे पेपर्स, इरादापत्र दिलेला. ‘एन-ए’ म्हणजे नॅचरलाइज्ड, नागरिक झालेला.

‘एलियन’ला मराठीत ‘परका’ म्हटलं की तुसडेपणा चिकटतो. कायद्यात तो शब्द कोरडा आहे, म्हणून ‘परकीय’. ‘सब्जेक्ट’ मात्र ‘नागरिक’ म्हणून उतरवू नका. इरादापत्रात माणूस शपथेवर लिहून देई, की मी प्रत्येक परक्या राजाची, विशेषतः अमुक राजाची, निष्ठा कायमची सोडण्याचा इरादा धरतो, ज्याचा मी आज ‘सब्जेक्ट’ आहे. आपल्याकडच्या माणसाच्या कागदात त्या जागी पाचवा जॉर्ज येई. सब्जेक्ट म्हणजे प्रजाजन, रयत. राजाशी बांधलेला. आणखी एक बारकावा: बडोदा, कोल्हापूर, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांतला माणूस काटेकोर कायद्याने ब्रिटिश प्रजाजनही नव्हता, तो ‘ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन’ होता. कारकुनाला एवढं माहीत असायचंच असं नाही. जन्मगाव संस्थानातलं असेल तर तशी टीप जरूर करा.

पायरी ३ : ‘फ्री व्हाइट पर्सन’ हे तीन शब्द सुटे करून वाचा

‘फ्री’ का? कारण १७९० मध्ये गोरे असूनही मोकळे नसलेले लोक होते. करारावर बांधलेले नोकर, ठरलेली वर्षं भरेपर्यंत मालकाच्या ताब्यात असलेले. ‘पर्सन’मध्ये बायकाही आल्या, पण लग्न झालेल्या बाईचं कायद्यातलं स्थान पुढे नवऱ्याच्या मागे बांधलं गेलं, ते खाली येईल.

आता ‘व्हाइट’. कायद्याने या शब्दाची व्याख्या कधी दिलीच नाही. ती कोर्टांवर सोडली, आणि कोर्टांनी दर वेळी वेगळी काठी धरून मोजलं. १८७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आ यप या चिनी माणसाचा अर्ज आला. न्यायाधीशांनी वेब्स्टरची डिक्शनरी आणि जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांची माणसांच्या पाच वंशांची मांडणी समोर ठेवली आणि अर्ज फेटाळला. तिथून १९५२ पर्यंत असे पन्नासच्या आसपास निवाडे छापील अहवालांत सापडतात. सिरियन, आर्मेनियन, जपानी, हिंदी, फिलिपिनो. एका जिल्ह्यात ‘व्हाइट’ ठरलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात तसा ठरेलच याची खात्री नव्हती.

यांतलं एक नाव आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. भिकाजी बलसारा, पारशी. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी त्यांना नागरिकत्व दिलं, पण मनात शंका ठेवून. सरकारने अपील करावं आणि वरच्या कोर्टाने एकदा काय ते ठरवावं या हेतूने. १९१० मध्ये अपील कोर्टाने पारशी ‘व्हाइट’ असल्याचं मान्य केलं. त्यामुळे त्या सुमाराच्या एखाद्या पारशी कुटुंबाच्या कागदावर ‘व्हाइट’ दिसलं तर त्यामागे हा निवाडा असू शकतो.

नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ताकाओ ओझावा आले. वीस वर्षं अमेरिकेत राहिलेले, बर्कलीत शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे जपानी गृहस्थ. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं, की कातडीच्या रंगावरून ठरवता येणार नाही. ‘व्हाइट’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि ओझावा कॉकेशियन नाहीत.

हे वाचून हिंदी लोकांना आशा वाटली असणार. त्या काळच्या वंशशास्त्राची पुस्तकं उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत होती. थिंड अमृतसर जिल्ह्यातले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात भरती झालेले. १९ फेब्रुवारी १९२३ ला, ओझावांनंतर तीन महिन्यांनी, त्याच न्यायमूर्तींनी लिहिलं, की कॉकेशियन हा शास्त्रज्ञांचा शब्द झाला, कायद्यातला ‘व्हाइट’ हा रोजच्या बोलीतला शब्द आहे, आणि साधा माणूस त्यातून जे समजतो तेच खरं. आणि साधा माणूस हिंदी माणसाला व्हाइट समजत नाही. आधी शास्त्राचा आधार घेऊन जपानी माणसाला बाहेर ठेवलं, मग शास्त्र अडचणीचं झालं तेव्हा ते बाजूला सारून हिंदी माणसाला. हे दोन्ही निकाल एकापाठोपाठ एक बसून वाचावेत. फार लांब नाहीत, आणि शब्द कसे वाकवले जातात ते ओळीओळीत दिसतं.

थिंड यांच्या बाजूनेही काय मांडलं गेलं ते मराठी वाचकाने नजरेआड करू नये. सर्वोच्च न्यायालयापुढचा प्रश्नच ‘हाय कास्ट हिंदू’ व्हाइट आहे का, असा होता. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद जातीवर उभा होता: उच्चवर्णीय हिंदू लग्नसंबंधांच्या बाबतीत हिंदुस्थानातल्या आदिवासींकडे तसंच पाहतो, जसं गोरा अमेरिकन निग्रोकडे पाहतो, म्हणून त्याचं रक्त शुद्ध, म्हणून तो व्हाइट. आमच्याकडेही तुमच्यासारखीच पायरी आहे आणि आम्ही वरच्या पायरीवर आहोत, असं सांगून दार उघडायला लावायचा तो प्रयत्न होता. त्याआधी सातच वर्षांपूर्वी, मे १९१६ मध्ये, बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला होता आणि जात वंशातून आली हे म्हणणं खोडून काढलं होतं. हे दोन कागद मी नेहमी शेजारी ठेवतो. थिंड यांच्यावर अन्याय झाला हे खरंच, आणि त्यांच्या वकिलांनी मागितलेला न्याय फक्त काहींसाठी होता हेही खरं.

पायरी ४ : ‘हिंदू’, ‘इंडियन’ आणि ‘ईस्ट इंडियन’ यांत गल्लत करू नका

इथे मी स्वतः पडलो आहे. जनगणनेच्या पानावर ‘आय-एन’ बघून, हा आपलाच माणूस म्हणून मी दोन दिवस एका कुटुंबाचा माग काढत बसलो. ते अमेरिकेतलं मूळनिवासी कुटुंब होतं.

अमेरिकेच्या कायद्यात ‘इंडियन’ म्हणजे तिथले मूळनिवासी. १९२० आणि १९३० च्या जनगणनेत त्यांच्यासाठी ‘आय-एन’, आणि हिंदुस्थानातून आलेल्यांसाठी ‘एच-आय-एन’, म्हणजे हिंदू. एका अक्षराचा फरक, तोही हातानं लिहिलेला. १९२० ते १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा वंशाच्या रकान्यातला शब्द आहे. शीख हिंदू, मुसलमान हिंदू, ख्रिस्ती हिंदू. धर्माशी त्याचा संबंध नाही. १९१० मध्ये असा वेगळा वर्ग नव्हता. तिथे ‘ओ-टी’, म्हणजे ‘इतर’, हे शोधा. बोटीच्या प्रवासीयादीत ‘वंश किंवा लोक’ या रकान्यात बहुधा ‘ईस्ट इंडियन’ सापडेल.

मूळनिवासींची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण त्यांचा कागद वाचताना तीच दक्षता लागते. जन्माने नागरिकत्व देणारी दुरुस्ती १८६८ ची, पण १८८४ मध्ये जॉन एल्क या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तू टोळीत जन्मलास, तेव्हा तू अमेरिकेच्या पूर्ण अधिकारक्षेत्रात जन्मला नाहीस. स्वतःच्या भूमीत परके राहिलेल्या या लोकांना सरसकट नागरिकत्व मिळालं ते जून १९२४ मध्ये.

पायरी ५ : ‘अपात्र’ या शब्दामागून काय काय आलं ते शोधा

‘एलियन इनएलिजिबल टू सिटिझनशिप’, नागरिक होण्यास अपात्र परकीय. या शब्दांत कुठल्याही देशाचं नाव नाही, कुठल्याही वंशाचं नाही. म्हणूनच ते कायदे करणाऱ्यांच्या कामी आले. वंशाची अट नागरिकत्वाच्या कायद्यात आधीच बसलेली. आता बाकीच्या कायद्यांनी नुसतं ‘अपात्र’ म्हटलं की पुरे.

कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये अशा अपात्रांना शेतजमीन विकत घ्यायची बंदी केली आणि १९२० मध्ये फटी बुजवल्या. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता, पण थिंड निकालानंतर पंजाबी शेतकरीही त्यात सापडले. या खटल्यांच्या कागदांत ‘एस्चीट’ असा शब्द येतो. डिक्शनऱ्यांत त्याचे अवघड प्रतिशब्द आहेत. आपल्या सातबाराच्या भाषेत सांगायचं तर जमीन सरकारजमा होणं. जमीन मुलांच्या नावावर दिसली तर गोंधळू नका. १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्यापासून अमेरिकेत जन्मलेलं मूल नागरिक ठरत होतं, आईबाप अपात्र असले तरी. म्हणून बाप पाळण्यातल्या लेकराच्या नावावर शेत घेई.

बायकोच्या कागदावरही हाच शब्द शोधा. १९०७ च्या कायद्याने परकीयाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी बाईचं नागरिकत्व जाई. १९२२ मध्ये ते बदललं, पण नवरा ‘अपात्र’ असेल तर तिचं जाणं तसंच राहिलं, थेट १९३१ पर्यंत. बंगालचे क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी जन्माने अमेरिकन; त्यांच्यावर हीच वेळ आली. एखाद्या पणजीच्या कागदात जन्म ओहायोचा आणि शिक्का ‘एलियन’चा दिसला, तर आधी तिच्या लग्नाचं साल बघा.

पायरी ६ : ‘बेकायदेशीरपणे मिळवलेलं’ म्हणजे लबाडी नव्हे

१९०६ च्या कायद्यात नागरिकत्व रद्द करायची दोन कारणं होती. एक फसवणूक, दुसरं ‘इल्लीगली प्रोक्युअर्ड’. १९२३ नंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांवर दावे लावले ते मुख्यतः या दुसऱ्या कारणाने. म्हणणं असं, की तुम्ही व्हाइट नव्हतातच, तेव्हा कोर्टाने दिलं ते चुकीचं होतं. अर्जदाराने खोटं काहीही सांगितलेलं नव्हतं. घरच्या माणसांना हा शब्द कागदावर दिसला की लाज वाटते. वाटायचं काही कारण नाही.

वैष्णोदास बागाई मूळचे पेशावरचे, १९१५ मध्ये पत्नी काला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोत उतरले, १९२१ मध्ये नागरिक झाले. थिंड निकालानंतर नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली, हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं तर पुन्हा ब्रिटिश पासपोर्ट घ्या असं सांगण्यात आलं. ज्या राज्याची प्रजा म्हणून राहायचं नव्हतं म्हणून ते निघाले होते, त्याचाच. १९२८ मध्ये त्यांनी आपलं आयुष्य संपवलं, आणि एका वर्तमानपत्रासाठी पत्र मागे ठेवलं. काला बागाई मुलांना घेऊन तिथेच राहिल्या. १९४६ च्या कायद्यानंतर त्या नागरिक झाल्या. आज बर्कलीतल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. या कुटुंबाचे कागद साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्हच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

दुसरी गोष्ट सखाराम गणेश पंडित यांची. थिंड यांच्या वकिलांपैकी एक. स्वतः १९१४ मध्ये लॉस एंजेलिसला नागरिक झालेले, आणि थिंड हरल्यावर सरकार त्यांच्याच मागे लागलं. त्यांची बाजू अशी: मी कोण, कुठला, हे कोर्टाला तेव्हा माहीत होतं, तुम्ही अपील केलं नाहीत, आणि त्या निकालाच्या भरवशावर मी वकिली सुरू केली, लग्न केलं, आधीचं सगळं सोडलं. एकाच्या शब्दावर दुसऱ्याने आयुष्य उभं केल्यावर पहिल्याला शब्द फिरवता येत नाही, याला कायद्यात ‘एस्टॉपेल’ म्हणतात. १९२६ मध्ये अपील कोर्टात पंडित जिंकले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला. त्यानंतर अशा दाव्यांतला सरकारचा जोर ओसरला. म्हणून रद्दबातल करण्याच्या दाव्याचा कागद हाती आला तर त्याची तारीख १९२७ च्या आधीची की नंतरची, हे लिहून ठेवा.

थिंड यांचं पुढे काय झालं? १९३५ मध्ये महायुद्धात लढलेल्यांना वंशाची अट न लावता नागरिकत्व देणारा कायदा आला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कला ते तिसऱ्यांदा (आधी दोनदा मिळालेलं नागरिकत्व रद्द झालं होतं), आणि कायमचे, नागरिक झाले.

पायरी ७ : मराठीत उतरवताना

‘रेस’साठी ‘वंश’ लिहा. ‘जात’ लिहिलं की आपल्या डोक्यात वेगळीच व्यवस्था उभी राहते, आणि ‘वर्ण’ लिहिलं तर रंग आणि चातुर्वर्ण्य दोन्ही आत शिरतात. जुन्या कागदांत ‘निग्रो’, ‘मुलाटो’ (काळ्या-गोऱ्या मिश्र वंशाचा) असे आज कोणी तोंडी घेऊ नयेत असे शब्द येतात. ते अवतरणात, आहेत तसेच ठेवावेत. सौम्य करून लिहिलं तर कायदा काय करत होता तेच पुसलं जातं. ‘व्हाइट’चं ‘गोरा’ मी करत नाही. गोरा हा आपल्याकडे कांतीचा शब्द आहे, आपल्या घरातल्या माणसालाही आपण गोरा म्हणतो. कागदावरचा ‘व्हाइट’ तसा नव्हता.

प्रत्येक शब्दासाठी वहीत चार ओळी करा: मूळ शब्द जसाच्या तसा, कागदाची तारीख, त्या दिवशीचा कायदा, आणि त्या शब्दामुळे त्या माणसाला काय मिळालं किंवा काय गेलं. चौथी ओळ भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ती रिकामी ठेवून पुढे जाऊ नका. जमिनीचे दस्त, लग्नाची नोंद, बोटीची यादी, यांतलं काहीतरी ती भरून देतं.

कागद कुठे मिळतील

१९०६ पूर्वी कुठल्याही दप्तर ठेवणाऱ्या कोर्टाला नागरिकत्व देता येत असे, म्हणून त्या काळासाठी तो माणूस राहत होता त्या काउंटीच्या कोर्टापासून सुरुवात करा. २७ सप्टेंबर १९०६ पासून केंद्राकडे प्रत जाऊ लागली. १९५६ पर्यंतच्या त्या ‘सी-फाइल्स’ अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याच्या वंशावळ विभागाकडून पैसे भरून मागवता येतात. नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये केंद्रीय कोर्टांची दप्तरं आहेत, आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर बरंच काही फुकट पाहायला मिळतं. जनगणनेची पानं ७२ वर्षांनी खुली होतात, म्हणजे १९५० पर्यंतची आज उपलब्ध आहेत.

आडनावाने शोधून काही सापडलं नाही तर लगेच हात टेकू नका. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही रीत तिथल्या कारकुनाला ठाऊक नव्हती. वडिलांच्या नावाखाली शोधा, मग ‘राव’, ‘पंत’ जोडून शोधा, मग नुसत्या पहिल्या नावाने. आणि ‘व’च्या जागी ‘डब्ल्यू’ही घालून बघा.